पाय मोडलेला ड

सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५. दुपारी १२ वाजून २० मिनिटे.

मेहकर. पैनगंगेच्या पुलाखाली बसून डाव्या गालावर थंड पाण्याची बाटली धरली आहे. उजव्या हाताने लिहीत आहे.

सकाळी सव्वादहाला सुधाकररावांनी मला फ्लेक्सच्या दुकानातून काढले. आधी कानाखाली मारली, मग काढले. क्रम महत्त्वाचा. काढून मग मारली असती, तर मी उलट मारली असती. मारली तेव्हा मी नोकरीत होतो.

कारण: शुद्धलेखन. एका भावी नगरसेवकाचे वीस फ्लेक्स होते, आठ बाय चार. 'तमाम नागरीकांना हार्दीक शुभेच्छा.' कशाच्या शुभेच्छा ते लिहिले नव्हते, म्हणजे वर्षभर चालावेत. 'नागरिकांना' केले, 'हार्दिक' केले. नाव 'हिम्मतराव' असे आले होते, ते 'हिंमतराव' केले. कोशात तसेच आहे. एका फ्लेक्समागे तीन दुरुस्त्या, फुकट. मग कळले की तो अर्धा म ज्योतिषाने अकरा हजार रुपये घेऊन बसवून दिला होता. हिम्मतराव स्वतः आले. वीसही फ्लेक्स लाथेने उडवले. माझे नशीब खोडले, म्हणाले. मी एवढेच म्हणालो की खोडले नाही, दुरुस्त केले. त्यावर सुधाकररावांनी मारली.

या महिन्याच्या पगाराऐवजी ते वीस फ्लेक्स माझ्या अंगावर फेकले. "घे, पांघरून झोप लेका." दुकानातल्याच प्रेमने मान वर केली नाही. प्रेमला टायपिंग मी शिकवले. मी दारापर्यंत पोचायच्या आत तो माझ्या खुर्चीत बसला.

निश्चय:
१. सुधाकररावांना रक्त निघेपर्यंत मारणे.
२. प्रेमला त्याच्या निम्मे.
३. आईला काही सांगायचे नाही. ती शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते, तिच्या डोळ्यांत आधीच पुरेसा धूर जातो. रोज डबा घेऊन वेळेवर घराबाहेर पडायचे. बदला पूर्ण झाला, सुधाकररावांनी हात जोडून परत बोलावले, की मग सांगायचे.

दुपारी १ वाजून १० मिनिटे.

एका कुत्र्याने डबा खाल्ला. पिवळा, एक कान फाटलेला. मी दोन्ही हातांनी डबा ओढला, त्याने एका तोंडाने. डावा तळहात चावला. मी दगड मारला, तो पुलाच्या खांबाला लागून माझ्याच नडगीवर आला. दिवसभरात दोघांनी मारले. दुसऱ्याचे निदान पोट भरले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर.

सरकारी दवाखान्यात पहिले इंजेक्शन घेतले. सिस्टरने विचारले, कुत्रे कोणाचे. अनोळखी, म्हणालो. अनोळखी कुत्रे फाटकाशी माझी वाट पाहत बसले होते. सिस्टरने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिने 'अज्ञात' लिहिताना 'अद्न्यात' असे लिहिले. मी दुरुस्ती सुचवली. पुढची सुई जरा जास्तच टोचली.

परत येताना विचार केला. मी स्वतः मारले तर पोलीस केस. कुत्र्याने फाडले तर अपघात. मी भित्रा नाही, नियोजन करणारा आहे.

कुत्र्याचे नाव शार्दूल ठेवले. दू दीर्घ.

गुरुवार, १६ ऑक्टोबर.

प्रशिक्षण. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, सगळे हिंदीत आणि कुत्री परदेशी. आपल्याकडे 'छू' पुरते. जुन्या शर्टात गवत भरून सुधाकरराव तयार केले, पुलाखाली उभे केले. "शार्दूल, छू." शार्दूल डब्याकडे पाहत राहिला. अनेकदा छू केले. शेवटी मी स्वतः सुधाकररावांचे मनगट दातांत धरून, मान झटकून दाखवले. पुलावर दोन शाळकरी मुली थांबल्या होत्या. मान झटकणे मला चांगले जमते आहे.

चार वाजता बस स्टँडची टोळी आली. पाच कुत्री. शार्दूलने एकाची मान धरली, तीन त्याच्यावर पडली, पाचव्याने माझी पँट धरली. मी फ्लेक्सची गुंडाळी फिरवली. टोळी पळाली. शार्दूलच्या पाठीतून रक्त येत होते. नदीच्या पाण्याने धुतले, हळद लावली. हळद लावताना त्याने पुन्हा दात लावले, पण हलकेच. प्रगती आहे.

चार फ्लेक्स बांबूला बांधून त्याला घर केले. आतून हिंमतराव चारही बाजूंनी हात जोडतात. उरलेले अंथरले. तो झोपण्याआधी नखांनी ओरबाडून जागा करतो. भावी नगरसेवकांचा चेहरा फाटला. मला त्याला थांबवावेसे वाटले नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर.

मोठा शोध. सविस्तर लिहितो.

सरस्वतीबाई आमच्या मागच्या घरात राहतात आणि बस स्टँडच्या कोपऱ्यावर भाजी विकतात. आज त्यांच्या टोपलीजवळ शार्दूल घुटमळला. त्या ओरडल्या, "हाड्!" शार्दूल आजवर माझ्या एकाही हुकमाला हललेला नाही. त्या शब्दाला तो गोळीसारखा सुटला. दोन्ही पाय छातीवर. सरस्वतीबाई मेथीत आडव्या. त्या जितक्या हाड् म्हणत, तितका तो अंगावर. मी सोडवायला गेलो तर त्यांनी अर्धा किलोचे वजन फेकून मला मारले. सोमवारच्याच नडगीवर.

म्हणाल्या, "काऊन रे प्रज्वल, कामावर जाऊन नाही राह्यला, अन् बायाईवर कुत्रे सोडून राह्यला?"

त्यांना चाळीस रुपयांची मेथी भरून दिली आणि आईला सांगू नका म्हणून हात जोडले. नाही सांगत, म्हणाल्या. बाई शब्दाच्या पक्क्या आहेत.

शेजारच्या मटणवाल्याने सगळे पाहिले होते. हे कुत्रे त्याच्याच ओट्याखाली वाढले, म्हणाला. लहानपणापासून 'हे घे हाड' असे ऐकले, की समोर हाड पडायचे. तेव्हापासून कोणी हाड् म्हटले, की याला वाटते बोलावले. हल्ला नाही तो, प्रेम आहे, म्हणाला.

मटणवाल्याला कुत्र्याचे मानसशास्त्र कळत नाही. पण त्यातला व्याकरणाचा भाग बरोबर आहे. हाकलायचे ते 'हाड्', तिथे ड चा पाय मोडतात. खायचे ते 'हाड', तिथे ड चा पाय धड. एवढाच फरक, आणि तो कागदावर. कुत्र्याला पाय मोडलेला ऐकू येत नाही. जन्मभर लोक त्याला हाकलत आले आणि तो प्रत्येक वेळी धावत गेला.

म्हणजे छू म्हणायची गरजच नाही. शत्रू आपल्या तोंडाने हल्ल्याचा हुकूम देईल.

रविवार, १९ ऑक्टोबर.

डब्यात चारऐवजी सात भाकरी. त्यातली एक दुधात कुस्करलेली, वेगळ्या डब्यात, चटणीशिवाय. आईला वाटत असेल की दिवाळीत फ्लेक्सचे काम वाढले. कुस्करलेली बहुधा माझ्या सुजलेल्या गालासाठी. मी तिला सांगितले की गालाला दुकानाचे शटर लागले. ती मान डोलावून हाव म्हणाली.

कुस्करलेली शार्दूलने खाल्ली.

सोमवार, २० ऑक्टोबर.

उद्या लक्ष्मीपूजन. सुधाकरराव दरवर्षी पांढरा झब्बा घालून दुकानात मशीनची पूजा करतात. दार उघडे, पायरीवर पणत्या, आत पेढे. मी समोरच्या टायरच्या दुकानाशी उभा राहणार. दोरी सोडणार. शार्दूल पेढ्याच्या वासाने पायरी चढणार. सुधाकरराव म्हणणार ते म्हणणार. मग गळा.

फाडून झाल्यावर मी धावत जाऊन त्यांना वाचवणार. मग ते हात जोडणार. मी थोडा वेळ घेणार.

आज शार्दूल पुलाखाली माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपला होता. पाय बधिर झाला तरी हललो नाही. हल्ल्याआधी विश्रांती आवश्यक असते.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटे.

टायरच्या दुकानाशी. शार्दूलला शेवटची भाकरी दिली नाही. उपाशी कुत्रे जास्त फाडते.

अर्धी दिली.

बुधवार, २२ ऑक्टोबर. सकाळ.

कपाळाला चार टाके. एक डोळा उघडत नाही. दुसऱ्याने लिहितो.

दोरी सोडली. शार्दूल पायरी चढला. सुधाकरराव म्हणाले, "हाड्!" इथपर्यंत शंभर टक्के योजनेप्रमाणे.

त्याने झेप घेतली. सुधाकरराव उताणे पूजेत पडले. समई कलंडली, झब्ब्याची बाही पेटली, त्यांनी ती आपल्याच हाताने मारून मारून विझवली. मशीनचा झेंडूचा हार त्यांच्या गळ्यात आला. शार्दूल छातीवर बसून त्यांचे तोंड चाटत होता. मला रस्त्यापलीकडून ते गळा फाडल्यासारखे दिसले. मी आनंदाने ओरडलो, हे मान्य आहे.

मग प्रेमने फ्लेक्स कापायची चार फुटी लोखंडी पट्टी उचलली. हाड् हाड् ओरडत पहिला फटका सुधाकररावांच्या गुडघ्यावर मारला. शार्दूलला वाटले, आता हा बोलावतो आहे. तो शेपटी हलवत प्रेमकडे वळला. दुसरा फटका त्याच्या मागच्या पायावर. ऊस मोडल्यासारखा आवाज झाला.

तरी तो प्रेमकडेच गेला. प्रेम हाड् म्हणत होता ना.

योजना इथपर्यंतच लिहिलेली होती. पुढचे कुठे लिहिलेले नव्हते. मी रस्ता केव्हा ओलांडला, आठवत नाही. प्रेमची मान धरून काउंटरवर आपटली. दोनदा. त्याने पट्टी फिरवली, माझे कपाळ फुटले. रक्त डोळ्यांत. मी "हाड म्हणू नका" असे सगळ्यांना ओरडून सांगत होतो. ते कोणाला कळण्यासारखे नव्हते. पट्टी तिसऱ्यांदा वर गेली तेव्हा मी प्रेमच्या मनगटाला चावलो आणि मान झटकली. पट्टी सुटली.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. शार्दूल तीन पायांवर पळाला. मी मागे धावलो, रक्ताने दिसेना, नाल्यात पडलो.

दवाखान्यात प्रेमही आला होता. त्याने मनगट दाखवले, कुत्र्याचे इंजेक्शन घेतले. दात कोणाचे, हे त्याने सांगितले नाही. मीही अज्ञात राहिलो.

आईला सांगितले, शटर. तिने पदर ओला करून कानामागचे रक्त पुसले.

त्याच दिवशी. दुपार.

पूल, स्टँड, मटणाचे दुकान, बाजार. तो नाही.

फ्लेक्सच्या घरात नाही. फटाके अजून वाजताहेत. मोडक्या पायाने टोळीच्या तावडीत सापडला तर ती कुत्री त्याला फाडतील. मी ज्यांच्यासाठी 'फाडणे' हा शब्द आठ दिवस वापरला, ते सुधाकरराव आता दुकानात पेढे खात असतील.

शार्दूल, शार्दूल म्हणून हाका मारल्या. त्या नावाने तो कधीच आला नव्हता. मग दुसरी मारली. रस्त्याने जाताना एकेका बोळात तोंड घालून, हळू, प्रेमाने म्हणत होतो: हाड. हाड रे. हाड, ये.

एक मोटारसायकलवाला थांबला. "काय हाकलून राह्यला बे? इथं तं काहीच नाही."

हाकलत नाही, बोलावतो आहे, म्हणालो. त्याने माझे कपाळ पाहिले आणि गाडीला किक मारली.

नदीकाठी कोणीतरी मेलेले कुत्रे टाकले होते. पिवळे. जवळ जायला फार वेळ लागला. दोन्ही कान धड होते. मी तिथेच बसलो. दुसऱ्याच्या मेलेल्या कुत्र्याशेजारी बसून हसलो. हे कोणी पाहिलेले नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज.

सकाळपासून पुन्हा सगळीकडे. नाही. चारच्या सुमारास घरी आलो. नोकरी गेली, बदला गेला, कुत्रे गेले, आता आईला सांगून टाकायचे आणि तिच्या हातचा मार खायचा, असा निश्चय केला. वाक्येही ठरवली होती.

मोरीजवळ तो पडला होता. पायाला पांढरी जाड पट्टी. आई त्याला कुस्करलेली भाकरी भरवत होती.

"ये," आई म्हणाली. "तुहा साहेब आलाय पाह्य. परवाच्या राती तुहा वास काढत दारात येऊन पडला. सकाळीच रिक्षानं जनावराच्या दवाखान्यात नेऊन आणला. सरस्वतीबाईच्या घरी ठेवला व्हता, तुह्या डोक्याचे टाके तं पाहू दे म्हटलं आधी."

मी विचारले, याला ओळखलेस कसे. म्हणाली, सात भाकरी कोणासाठी बांधत होते.

मी ठरवलेले पहिले वाक्य सुरू केले. तिने ते अर्ध्यात तोडले.

"पहिल्याच दिवशी कळलं मले. गालावर पाच बोटं उमटवते, असं कोणतं शटर असते रे?"

सरस्वतीबाई शब्दाच्या पक्क्या होत्या, फक्त आईला दिलेल्या, हे सिद्ध झाले. मग मी मोरीवर तोंड धुतले. बराच वेळ धुतले. आई म्हणाली, पाणी पुरव.

त्याच दिवशी. झोपताना.

नाव बदलले. शार्दूल रद्द. यापुढे 'हाड्'. ड चा पाय मोडून. आता ते शुद्ध आहे.

सोमवार, २७ ऑक्टोबर.

सुधाकरराव घरी आले. लंगडत. मी कोनाड्यातला वरवंटा हाताशी घेतला. आईने तो काढून घेतला आणि चहा ठेवला.

ते हात जोडायला आले होते, पण मला नव्हे, फ्लेक्सना. हिम्मतरावांनी ज्योतिषी बदलला. नवा म्हणतो, अर्धा म भारी पडतो, डोक्यावर टिंब पाहिजे. टिंबात राजयोग आहे. म्हणजे आता ते हिंमतराव. कोशात आहेत तसेच. उद्याच्या उद्या वीस फ्लेक्स पाहिजेत, दुप्पट भावाने. आणि वीस तर तयारच आहेत. माझ्याकडे.

मी म्हणालो, आधी माफी, मग खुर्ची, मग फ्लेक्स. सुधाकरराव म्हणाले, आधी फ्लेक्स दाखव.

पुलाखाली गेलो. चार घराला बांधलेले, भोके पडलेली. आठांवर नखांचे काम. तीन घरी आणले, ते आईने न्हाणीवर टाकले. दोनांचे आम्ही पावसाळी पांघरूण केले होते, त्यातले एक हाड्ने चघळले. एक फाडून परवा त्याच्या पायाखाली अंथरले. दोन सापडले धड. एकावर वाळलेले रक्त, पण ते मागच्या बाजूने.

सुधाकररावांनी हिंमतरावांचे फाटलेले चेहरे उलटून पाहिले. मग त्यांनी माझी कॉलर धरली. तेवढ्यात आमच्या मागोमाग येऊन आपल्या फ्लेक्सच्या घरात शिरलेला हाड् तीन पायांवर बाहेर आला. सुधाकररावांनी कॉलर सोडली, ओठ उघडले, काय म्हणायचे ते आठवले आणि तोंडावर हात धरून उभे राहिले. हा माझा विजय आहे. लेखी नोंद.

वाटाघाटी झाल्या. खुर्ची प्रेमचीच. मला शिडी. छापलेले फ्लेक्स खांबावर बांधायचे, रोजावर. मी कळवतो म्हणालो. आई म्हणाली, येते तो उद्यापासून.

शनिवार, १ नोव्हेंबर. दुपारी १ वाजता.

बस स्टँडचा चौक. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसून लिहीत आहे.

फ्लेक्स बांधून झाला. प्रेमने केला आहे. 'हिंमतराव' बरोबर. 'नागरीकांना' चूक. 'हार्दीक' चूक. खिशात मार्कर आहे, हात पोचतो. दोन काड्यांचे काम आहे. प्रेमच्या मनगटाला अजून पट्टी आहे, त्यामुळे दीर्घ वेलांट्या त्याने मुद्दाम काढल्या असाव्यात.

खाली हाड् शिडीला टेकून बसला आहे. दवाखान्यात म्हणाले, हाड जुळेल, पण पाय किंचित वाकडाच राहील. मोडला म्हणता येणार नाही, धड म्हणता येणार नाही. लिपीत याला चिन्ह नाही. मी शोधले.

आत्ता एक म्हातारे गृहस्थ त्याच्यावर काठी उगारून हाड् म्हणाले. तो उठून लंगडत त्यांच्याकडे गेला. इतका मार खाऊन. त्यांनी काठी खाली घेतली आणि डोक्यावर हात फिरवला. मग तो परत शिडीशी आला आणि वर पाहू लागला. डबा माझ्याकडे आहे.

मार्कर उघडला होता. बंद केला. उतरतो.

हिशोब, १३ ऑक्टोबरपासून आजपर्यंत.

खर्च: पाण्याची बाटली २०. मेथी ४०. हळद १०. रिक्षा, आईने दिलेले, १२०. एकूण १९० रुपये. इंजेक्शने सरकारी, टाकेही सरकारी.

भाकरी: मोजलेल्या नाहीत.

येणे: तेरा दिवसांचा पगार, ३,९०० रुपये.

देणे: खराब केलेले अठरा फ्लेक्स, सुधाकररावांच्या भावाने ५,७६० रुपये. पगार वजा जाता त्यांना देणे १,८६० रुपये आणि एक कानाखाली.

आधी पैसे फेडायचे, असा निश्चय.